अंगणापलीकडचे बिऱ्हाड



मुलांच्या संगोपनाविषयी या सदरातून आपण पुष्कळदा बोललो आहोत. आज त्याच्या दुसऱ्या टोकाचा विषय घेतो. ज्यांनी आपले बोट धरून आपणांस चालावयास शिकविले, त्यांच्यावरच पुन्हा पहिले पाऊल टाकावयास शिकण्याची पाळी आली, तर मुलाने काय करावे? त्यांना उचलून आपल्या घरी आणावे, की त्यांच्या घरी जाऊन राहावे? आमच्या गावच्या कित्येक कुटुंबांपुढे आज हा प्रश्न उभा आहे, आणि गेल्या वर्षी पावसाळ्यात तो आमच्याच दारात येऊन उभा राहिला. त्या तीन महिन्यांत आमच्या हातून ज्या चुका घडल्या आणि जे थोडेफार शहाणपण पदरी पडले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल या आशेने येथे सांगतो.

आमचे वडील नगर जिल्ह्यातील. १९६४ साली, विसाव्या वर्षी, ते गाव सोडून भोपाळला गेले. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या भोपाळच्या कारखान्यात त्या काळी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत होती. महाराष्ट्रातूनही पुष्कळ गेली. पुढे १९७४ साली ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही तो काळ भोपाळच्या उभारणीचाच होता. १९६३ साली भोपाळचा आर्चडायोसिस निर्माण झाला आणि नागपूरहून आलेले आर्चबिशप युजीन डिसोझा हे त्याचे पहिले आर्चबिशप झाले. वडील अभिमानाने म्हणत, "मी आणि आर्चडायोसिस, दोघे बरोबरीनेच भोपाळात रुजलो." निवृत्तीनंतर पिपलानीच्या बाजूस त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले. आम्ही मात्र वाडवडिलांची जमीन सांभाळण्यासाठी गावी परतलो. धाकटे बंधू आखातात नोकरीस, भगिनी नागपूरला सासरी. अशा रीतीने आईवडील शहरात आणि मुलगा खेड्यात, असा सर्वसाधारण रीतीहून उलटा संसार आमच्या वाट्याला आला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहाटे न्हाणीघरात वडिलांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. त्यांचे वय एक्याऐंशी. आईचे शहात्तर, तिला मधुमेह असून तिचे गुडघेही दुखरे. शेजाऱ्यांनी वडिलांना इस्पितळात पोहोचविले आणि आम्हांला फोन केला. सोयाबीनची कोळपणी अर्ध्यावर टाकून, शेत चुलत भावाच्या हवाली करून आम्ही उभयता निघालो. आमच्या मेहुण्यांजवळ एक मोठी गाडी आहे. परिवहन कार्यालयाच्या रीतसर नोंदीने तिच्यात झोपण्याबसण्याची सोय केलेली असून, तिच्यातून आमचे कुटुंब एकदा वेळांकणीच्या यात्रेसही जाऊन आले होते. हौशी लोकांच्या सहलींसाठी अशा गाड्या आता आपल्याकडेही निघू लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यांच्याविषयी धोरणही जाहीर केले. मेहुणे म्हणाले, "दाजी, गाडी घेऊनच जा. इस्पितळाच्या आवारात रात्री टेकावयास जागा तरी होईल." त्यांचे हे शब्द पुढे किती खरे ठरणार आहेत, याची त्या वेळी आम्हांला कल्पना नव्हती. मनमाड, धुळे, सेंधवा, इंदूर, देवास असा सहाशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता तोडून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भोपाळात पोहोचलो.

शस्त्रक्रिया होऊन अर्धा सांधा बदलला गेला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी वडिलांना आधार देऊन उभे केले, तेव्हा आम्ही घाबरून गेलो. परंतु वृद्ध मनुष्य बिछान्यात पडून राहिला की फुप्फुसांत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. आणि मोडलेल्या हाडापेक्षा ही दुखणीच अधिक घातक ठरतात, असे त्यांनी समजावून सांगितले. तिसऱ्या रात्री वडील एकाएकी कारखान्यातील जुन्या सोबत्यांना हाका मारू लागले आणि यंत्र बंद करा म्हणून आम्हांलाच दटावू लागले. त्यांच्या बुद्धीला कायमचा भ्रंश झाला, असे वाटून आई ओक्साबोक्शी रडली. तेथील परिचारिकेने धीर दिला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असा संभ्रम पुष्कळदा होतो आणि बहुधा तो ओसरतो. त्यांचा चष्मा त्यांना द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा, ओळखीच्या आवाजात नाव घेऊन बोला, असे तिने सांगितले. चौथ्या दिवशी वडिलांनी आम्हांला ओळखले आणि शेतातील पिकाची चौकशी केली. तो क्षण आम्ही विसरणार नाही.

सहाव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणले. आमची खरी परीक्षा येथूनच सुरू झाली.

भगिनी नागपूरहून आली होती. बंधू दररोज रात्री फोनवर असत. भगिनीचे म्हणणे, वडिलांना कायमचे गावी न्यावे. बंधूंचे म्हणणे, पगारी माणूस ठेवावा, पैसे आपण पाठवू. "आम्ही मोठे, आम्हीच येथे राहतो," असे आम्ही जाहीर केले. या चर्चेत वडिलांचे मत कोणीही विचारले नाही. ते पलंगावरून सर्व ऐकत होते. शेवटी ते एवढेच म्हणाले, "माझा डॉक्टर इथे, माझे चर्च इथे, माझे चार मित्र इथे. मला कुठे उचलून नेता?" यावर कोणाजवळही उत्तर नव्हते.

आम्ही त्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले आणि सेवेच्या उत्साहात दहा दिवसांत घराचे रूप पालटून टाकले. भांड्यांची फळी हलविली, देव्हारा दुसऱ्या भिंतीला नेला, आईचा पलंग बाहेरच्या खोलीत घातला. स्वयंपाकघर आमच्या सौभाग्यवतीने ताब्यात घेतले. यात तिचा हेतू सासूबाईंना विश्रांती मिळावी एवढाच. वडिलांनी पाण्याकडे पाहिले की आम्ही पेला ओठांशी नेत असू. ते वॉकरला हात लावीत, तोच आम्ही दोन्ही बाजूंनी त्यांना धरीत असू. हा सर्व खटाटोप करीत असता आम्हांला फार धन्य वाटत होते. परंतु दहाव्या दिवशी व्यायाम शिकविणारे गृहस्थ आले आणि त्यांनी पाहिले की वडिलांची चाल पुढे जाण्याऐवजी मागे आली आहे. इस्पितळात वीस पावले टाकणारा मनुष्य घरी आठ पावलांत थकत होता. त्याच संध्याकाळी आईने हरभऱ्याचा डबा शोधला, तो तिला सापडेना. ती खाली बसली आणि म्हणाली, "सूनबाई, तुझे उपकार आहेत गं. पण मी अजून मेले नाही."

आमची सौभाग्यवती अंगणात जाऊन रडली. आम्हीही त्या रात्री जेवलो नाही. दहा दिवस अंग मोडून केलेल्या सेवेचे हेच फळ काय, असा राग प्रथम मनात आला. रागाच्या मागून विचार आला, तो मात्र रात्रभर गेला नाही.

शेजारी एक मुसलमान सद्गृहस्थ राहतात. वडिलांना इस्पितळात नेणारे तेच. त्या रात्री ते आमच्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी आपली हकीकत सांगितली. १९८४ साली त्यांचे घर काझी कॅम्पात होते. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्या वायूने हजारो माणसांचा बळी घेतला आणि पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा पोहोचविली. मदर तेरेसा त्याच महिन्यात भोपाळला येऊन गेल्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्या आईला पाठीवर घेऊन हे गृहस्थ त्या रात्री धावत सुटले. आई वाचली, परंतु तिची फुप्फुसे पुन्हा कधी पूर्ववत झाली नाहीत. पुढे वीस वर्षे त्यांनी तिची शुश्रूषा केली. ते म्हणाले, पहिली काही वर्षे ती उठण्याआधीच ते तिच्या हाती सर्व काही देत, आणि एके दिवशी तिने उठणेच सोडून दिले. तिला तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई त्यांच्यावर रागावल्या: तिचा श्वास वायूने घेतला, तिचे पाय मात्र तुम्ही घेता आहात. तेव्हापासून त्यांनी आईची खोली वेगळी ठेवली आणि स्वतः भिंतीपलीकडे राहू लागले. हाक आली की जावयाचे. हाकेआधी जावयाचे नाही. आई हळूहळू पुन्हा स्वतः चहा करू लागली.

एवढे सांगून ते उठले आणि म्हणाले, "माझ्या अंगणात तुमची गाडी लावा. मधे फक्त एक कुंपण आहे. तेवढे अंतर पुरे होईल."

दुसऱ्याच दिवशी गाडी त्यांच्या अंगणातील कडुनिंबाखाली उभी राहिली आणि आमचे बिऱ्हाड घरातून निघून गाडीत गेले. दोन फळ्यांच्या शय्या, एक शेगडी, पाण्याचे पिंप, कपड्यांची ट्रंक आणि खिडकीशी पवित्र मरियेचे चित्र, एवढाच संसार. विजेची तार शेजाऱ्यांच्या घरातून घेतली व त्यांच्या नको नको म्हणण्यास न जुमानता दरमहा बिलाचा वाटा दिला. स्नानास आम्ही वडिलांच्या घरी जात असू. पाऊस जोरात आला की पत्र्यावर असा आवाज होई की एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. ऊन पडले की आतली हवा भट्टीसारखी तापे. हे सुखाचे राहणे होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु भांड्यांची फळी पुन्हा आपल्या जागी गेली, देव्हारा पूर्वीच्या भिंतीवर आला, आणि आईने आपल्या हाताने भाकरी थापली.

वडिलांच्या उशाशी आम्ही एक पितळी घंटा ठेविली. रात्री ती वाजली की दोन मिनिटांत आम्ही पोहोचत असू. पहिल्या आठवड्यात ती रात्रीतून तीनतीनदा वाजे, पुढे एकदा, आणि ऑक्टोबरात आठवड्यातून एखादे वेळी. सकाळी सात ते नऊ आमची पाळी: स्नान, व्यायाम, औषधे. दुपारी आम्ही आपल्या बिऱ्हाडी असू आणि त्या वेळी दोघे वृद्ध आपल्या घरात आपले जीवन जगत. संध्याकाळी अंगणात फेऱ्या, नंतर सर्वांनी मिळून पवित्र जपमाळ. वडील पाणी स्वतः ओतून घेऊ लागले. कधी ते सांडत. आई पुसून घेई आणि त्यांच्यावर थोडी रागावे. तो रागावण्याचा आवाज कुंपणापलीकडे ऐकू आला की आम्हांला समाधान वाटे, कारण आजारापूर्वीचे घर त्यातून बोलत होते.

आता ज्या गोष्टी आम्हांला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते, त्या येथे नमूद करतो. इस्पितळातून निघताना हाती जो कागद पडतो, तो तेथेच बसून वाचून घ्यावा आणि न समजलेली प्रत्येक ओळ विचारावी, लाजू नये. खुब्याची अशी शस्त्रक्रिया झालेल्याने डॉक्टर परवानगी देईपर्यंत मांडी घालून, उकिडवे किंवा बुटक्या पाटावर बसू नये. शौचासाठी उंच खुर्ची करून घ्यावी. गावचा सुतारही ती करून देईल. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. झोपेतून उठल्याबरोबर उभे न राहता क्षणभर बिछान्याच्या कडेला बसावे, कारण रक्तदाबाच्या औषधांनी चक्कर येऊ शकते. न्हाणीघरात भिंतीला पक्के धरावयाचे दांडे बसवावे, जमीन कोरडी ठेवावी, वाटेतील सुट्या सतरंज्या उचलून टाकाव्या आणि रात्री मंद दिवा जळता ठेवावा. आमच्या वडिलांच्या घरी हा चार आण्यांचा शहाणपणा आधी असता, तर हाड मोडलेच नसते. जो अजिबात उठू शकत नाही, त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. अंडे, डाळ, दूध ही अन्ने हाडामांसास बळ देतात. वृद्धाला भूक नाही म्हणून नुसत्या पेजेवर ठेवू नये. आणि पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा दम कोंडला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्यांना कंपनीचा किंवा सरकारी नोकरीचा आधार नाही, अशा घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळातील उपचार योजनेतील इस्पितळांत मिळू शकतात. त्यासाठी कार्ड लागते. ते दुखणे येण्याआधीच करून ठेवावे. हाड मोडल्यावर रांगेत उभे राहण्याची वेळ आणू नये. मात्र घरी परतल्यानंतरची महिनोन् महिन्यांची शुश्रूषा कोणत्याही कार्डावर मिळत नाही. ती घरातील माणसांनाच वाटून घ्यावी लागते.

ही वाटणी करतानाच बहुतेक घरे मोडतात. आम्ही भावंडांनी एका रविवारी मिस्सेनंतर फोनवर बसून कागदावर वाटणी लिहिली. बंधू औषधे व व्यायाम शिकविणाऱ्यांचा खर्च देतील; भगिनी दर महिन्याला आठ दिवस येऊन राहील आणि तेवढे दिवस आम्ही शेतावर जाऊ; उरलेले दिवस आमचे. पैसे पाठविणाऱ्याने आपण मोकळे झालो असे समजू नये आणि अंगाने राबणाऱ्याने पैसे पाठविणाऱ्याला टोमणे मारू नयेत, असे एक कलम भगिनीने हसतहसत घालावयास लाविले. ते कलम दोनदा मोडले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकदा ते आमच्याकडूनच मोडले. सोयाबीन काढणीस आले होते, पाऊस लांबला होता, शेंगा शेतात काळ्या पडत होत्या. त्या चिंतेत आम्ही बंधूंना फोनवर नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली. पीक निम्मे गेले. त्याची खंत आहे, पश्चात्ताप मात्र नाही.

आईवडिलांची उपेक्षा करणाऱ्या मुलांना पोटगी द्यावयास लावणारा कायदा आपल्या देशात २००७ साली झाला आणि निराधार वृद्धांना त्याचा आधार आहे. परंतु आपणां ख्रिस्ती लोकांना चौथी आज्ञा त्याच्या कितीतरी आधी मिळालेली आहे. देवाला अर्पण केले असे म्हणून आईबापांची मदत टाळणाऱ्यांना प्रभू येशूने कसे फटकारले, ते मार्कच्या शुभवर्तमानात आहे; आणि क्रूसावरील वेदनांतही त्याने आपल्या मातेची व्यवस्था केली, ते योहानाच्या शुभवर्तमानात आहे. या दिवसांत आम्ही गाडीत बसून तोबीतचा ग्रंथ पुन्हा वाचला. म्हातारा तोबीत आंधळा झाला, त्याची पत्नी हन्ना विणकाम करून घर चालवू लागली. एकदा तिला मजुरीबरोबर करडू मिळाले, तर ते चोरीचे असेल अशी शंका घेऊन तोबीत तिच्याशी भांडला आणि तिनेही त्याला सडेतोड उत्तर दिले. आजारपणात भल्या माणसांच्या घरीही असे खटके उडतात, हे पवित्र शास्त्राने लपविलेले नाही. पुढे मुलगा तोबीया दूरच्या प्रवासाहून राफाएल देवदूतासह परतला आणि त्याने माशाच्या पित्ताचे औषध बापाच्या डोळ्यांना लाविले. आमच्या ध्यानी आले ते असे की, दृष्टी परत आल्यावर तोबीत पुन्हा घरचा कर्ता झाला. तोबीयाने बापाची जागा घेतली नाही, ती त्याला परत मिळवून दिली.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी फादर रुग्णाभ्यंग संस्कार देण्यासाठी आले, तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला. आता शेवट आला, असे तिला वाटले. आपल्या खेड्यांतून अद्यापही हीच समजूत आहे आणि म्हणून रुग्णाची शुद्ध हरपेपर्यंत धर्मगुरूंना बोलाविले जात नाही. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी त्यानुसार ठरवून दिला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, वार्धक्याने शक्ती क्षीण झाली असता तो घेता येतो. फादरांनी हे आईला शांतपणे समजाविले. वडील शुद्धीवर होते. त्यांनी स्वतः प्रार्थनेला उत्तरे दिली. पुढे ते म्हणाले, "त्या रात्री मला झोप लागली, ती त्यामुळेच."

८ सप्टेंबरला आईला फार वाईट वाटले. दर वर्षी मतमाउलीच्या यात्रेच्या सुमारास ती हरेगावला येत असे. त्या संध्याकाळी शेजारच्या अंगणात, कडुनिंबाखाली, आम्ही मतमाउलीच्या चित्रापुढे मेणबत्ती लावली. धर्मग्रामातील दहाबारा माणसे आली. शेजाऱ्यांनी आपल्या घरातून खुर्च्या आणून मांडल्या आणि स्वतः कुंपणाशी अदबीने उभे राहिले. वडील वॉकर घेऊन स्वतःच्या दारापासून तेथवर आले. मधली पावले आम्ही मोजली: बेचाळीस. आम्ही त्यांच्या मागे होतो, परंतु त्यांना हात लाविला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वडील काठी टेकीत मिस्सेस गेले. गुडघे टेकणे त्यांना यापुढे जमणार नाही, पायऱ्यांवर कोणीतरी सोबत लागेलच. पूर्वीचे सर्व परत आले, असे आम्ही सांगणार नाही. आईही या तीन महिन्यांत थकली आहे. पुढील पडझडीची वेळ केव्हातरी येणारच आणि तेव्हा कदाचित अंगणापलीकडचे अंतरही अधिक वाटेल; मग पुन्हा बसून, या वेळी त्यांना विचारून, ठरवावे लागेल. निघताना आम्ही घंटा काढून घेऊ लागलो, तर वडील म्हणाले, "राहू दे. शेजाऱ्यांना ऐकू जाते." शेजाऱ्यांनी मान हलविली.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांजवळ चाकांवरचे घर नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या घराला पडवी आहे, गोठ्याशेजारची खोली आहे, भावकीतील रिकामे घर आहे. आईवडील आपल्याकडे असोत वा आपण त्यांच्याकडे, त्यांची चूल, त्यांचा देव्हारा आणि त्यांचा शब्द त्यांच्याजवळ राहू द्यावा. हाक ऐकू येईल इतके जवळ राहावे. ज्यांचे आईवडील दूर आहेत, त्यांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एकदा फोन करून विचारावे, न्हाणीघराच्या भिंतीला धरावयास दांडा आहे काय? नसेल, तर या रविवारी जाऊन तो बसवून यावा.